रोज हितनंच जाईल

आबा, सांगलीला नोकरी लागली म्हणून तुम्ही मला तो डबा कॅमेरा दिलात, तेव्हा आई म्हणाली होती, "आवं, पोराला धड चादर न्हाई, आनि ही फोटूची पेटी कशाला?" पलटणीतला कुणी साहेब विलायतेला परत जाताना तुम्हाला देऊन गेला होता ती. ट्रंकेत तुमच्या खाकी कपड्यांखाली वर्षानुवर्षं पडून होती. तुम्ही ती धोतराच्या सोग्यानं पुसलीत आणि माझ्या हातात ठेवून म्हणालात, "नव्या मुलखात गेलं की आदी पायानं मुलूख बघून घ्यायचा. कुठनं रस्ता फुटतोय, कुठं पानी हाय, कोन नीट बोलतोय. फोटू काढायला म्हनून तरी हिंडशील."

मी हिंडलो. सरकारी कचेरीत नकाशे उतरवून काढायचं माझं काम होतं, दिवसभर पाठ मोडायची; पण रविवार उजाडला की कॅमेरा गळ्यात घालून बाहेर पडायचो. हळदीच्या बाजारात हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झालेल्या असत, आणि रीळ धुऊन आलं की फोटोत तो पिवळा रंग नुसता राखेसारखा दिसे. चिंचेच्या झाडांखालून हरिपूरला चालत जायचो. तिथं हळदीची पेवं आहेत, जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा बाधते म्हणून आधी दोरीला पेटता कंदील बांधून सोडतात. तो विझला नाही तरच माणूस उतरतो. ते बघताना मी फोटो काढायचंच विसरलो होतो. आणि नदी. आपल्या आटपाडीकडच्या माणसाला एवढं पाणी एका जागी बघायची सवय नसते. घाटाच्या पायऱ्यांवर मी उगाच बसून राहायचो. या गावात मला कोणी ओळखत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

खोली एका रिटायर मास्तरांच्या घरात मागच्या बाजूला होती. त्यांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. आपलं आडनाव चार जातींत सापडतं. त्यांना काय वाटायचं ते वाटलं असावं. पुढे त्यांनी विचारलं नाही. मास्तरीणबाई सणाला ताट झाकून पाठवायच्या.

पासष्टची लढाई लागली तेव्हा मला गावात येऊन वर्षही झालं नव्हतं. खिडक्यांना काळे कागद लागले. कुठंतरी शत्रूचे छत्रीवाले विमानातून उतरलेत अशा वावड्या रोज नव्यानं यायच्या. त्या रविवारी नदी दोन्ही काठ भरून चालली होती, ऊन लख्ख होतं, आणि मी पुलाच्या तोंडाशी उभा राहून कमानींचा फोटो काढत होतो. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्यानं हाक मारली, "ए, कशाचा फोटू काढतुयास रं?"

"पुलाचा."

"कुनाला धाडायचाय?"

मी हसलो. हसायला नको होतं. पाठीमागून कुणीतरी कॉलर धरली. पिशवीत ट्रेसिंगचे कागद निघाले, त्यावर नदीच्या रेषा. मग काय, मला कुणी बोलूच देईना. चौकीपर्यंत नेताना किती जणांचे हात पडले मला माहीत नाही. चष्मा गेला. फौजदारानं कॅमेरा उघडला आणि रीळ ओढून उजेडात धरलं. हरिपूर, बाजार, घाट, सगळं त्याच्या टेबलावर गुंडाळी होऊन पडलं. "ह्या गावात तुला ओळखतं कोण?" त्यानं विचारलं. मी कचेरीचं नाव सांगितलं; साहेब रजेवर, कुलूप लागलेलं. मास्तरांचं नाव ओठावर आलं होतं, मी ते गिळलं. शेवटी तुमचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आलात. आटपाडीहून पोलीस आपल्या दारात आला, सगळा गाव गोळा झाला, आई रस्त्यातच बसली, हे मला पुढे कळलं. मला दिसतं ते एवढंच: गजांच्या पलीकडे तुम्ही खाकी चढवून उभे आहात. कोट पोटावर बसत नाही, मधलं बटण उघडं आहे, छातीवर मेडलं आहेत. फौजदारापेक्षा तुमचं वय किती जास्त, पण तुम्ही टाच जुळवून त्याला सलाम ठोकता. तो बसा म्हणत नाही. तुमचे कागद चाळतो, आडनावापाशी थांबतो, गावातली वस्ती विचारतो, तुम्ही सांगता. मग त्याचा आवाज बदलतो, 'अहो'चं 'तू' होतं. आणि तुम्ही म्हणता, "चूक पोराची हाय साहेब. लढाईच्या दिसांत पुलाला कॅमेरा लावायचा नसतो. मी असतो तर मीबी धरला असता."

आबा, तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता की तो जो कोण मला मारत होता त्याचाही तेवढा आला नसेल.

त्यांनी सोडलं. रिकामा कॅमेरा परत दिला. बाहेर आलो तर तुम्ही विचारलंत, "कुठनं धरलं तुला?"

"पुलावरनं. चला आता, खोलीवर जाऊ."

"पुलाकडं चल."

"कशाला? आबा, नको."

"चल म्हनतो न्हवं."

भर दुपारी, भर बाजारातून तुम्ही मला नेलंत. लोक दुकानांतून वाकून बघत होते. कॅमेरा तुम्ही माझ्या गळ्यात घालायला लावला होता. माझा एक डोळा सुजलेला, चष्म्याशिवाय समोरचं धूसर. तुम्ही माझं कोपर धरलं होतंत. लोकांना वाटलं असेल, बाप पोराला आधार देतोय. पण तुमची बोटं माझ्या कोपरात रुतली होती, आधार तुम्हीच घेत होतात. बर्मात लढून आलेल्या माणसाची बोटं. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही नाकासमोर बघत, परेडवर चालावं तसे चालला होतात, आणि कानामागून घाम वाहत होता.

पानपट्टीपाशी थांबलात. तोच माणूस होता, कालचे दोघं-तिघंही होते. तुम्ही आधी खाकरलात.

"ह्यो माझा पोरगा," तुम्ही म्हणालात. "हितं सरकारी नोकरीला हाय. मी बारा वर्सं पलटणीत काडली. ह्याचं तोंड नीट बघून ठेवा. ह्यो रोज हितनंच जाईल."

पानपट्टीवाल्यानं पानाला चुना लावणं थांबवलं होतं. मग तो म्हणाला, "आवं बाबा, आमाला तरी काय म्हाईत? दिस तसलं हायती." आणि त्यानं एक पान पुढे केलं. तुम्ही ते घेतलं नाहीत. नको म्हणून मान हलवलीत, तीही सभ्यपणे.

खोलीवर आलो तेव्हा मास्तर दारातच होते. त्यांनी खरंच काळजीनं विचारलं, मास्तरीणबाईंनी तुमच्यासाठी तांब्या-भांडं आणलं. "पाहुणे कोणत्या गावचे? कुणापैकी?" तुम्ही पाणी पिऊन भांडं खाली ठेवलंत आणि म्हणालात, "आटपाडीकडचं. आमी बौद्ध." मास्तर "हो का, हो का" म्हणाले. भांडं पायरीवरच राहिलं. ते उचलायला संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही, आणि तुम्ही सारखे तिकडे बघत होता. दोनच दिवसांत मास्तर म्हणाले, पुतण्या शिकायला येणार आहे, खोली लागेल. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं, हेही खरं.

त्याच्या आधी, तुम्ही आलात त्याच संध्याकाळी, स्टँडवर गाडीची वाट बघताना तुम्ही म्हणालात, "खोली जाईल आता तुजी."

"जाऊ दे."

"मी खोटं सांगाय पायजे व्हतं का रं?"

मी गाडी आली का ते बघायला उठलो. गाडी लागली. खिडकीतून वाकून तुम्ही म्हणालात, "दुसरी बघ." एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, आणि तोवर आपण त्या दिवसाबद्दल एक शब्दही बोललो नाही.

साहेब रजेवरून आले, तेव्हा सगळं ऐकून त्यांनी मला खुर्ची दिली. साताऱ्याच्या कचेरीत जागा होती. "जाता का? नवीन गाव, कुणाला काही माहीत नाही," ते म्हणाले. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. एका तांबटाच्या माडीवर खोली मिळाली, दिवसभर ठोकाठोक चाले. कचेरीला जायला जवळचा रस्ता होता, तरी मी पुलाच्या बाजूनं वळसा घालून जायचो. पानपट्टीवाला पहिले काही महिने मान खाली घालायचा, मग नुसता बघायचा, मग कधीतरी "काय साहेब" म्हणायला लागला. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले. त्यानं मला पंगतीत बसवलं. शेजारचा एक जण उठून गेला, दुसरा बसून राहिला.

आता लोक म्हणतात, या गावावर माझं फार प्रेम. गेल्या वर्षी माझ्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं कुणी कुणी, त्यात एकजण भाषणात तसंच म्हणाला, आणि मी हात जोडले. टाळ्या झाल्या. घरी आल्यावर तुम्हाला लिहावंसं वाटलं, कारण खरं काय ते दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही.

मला साताऱ्याला जायचं होतं, आबा. साहेबांनी विचारलं त्या रात्री मी सामान बांधलंसुद्धा होतं. पण तुम्ही तेवढं घाबरून, तेवढ्या लोकांत माझ्या वतीनं शब्द देऊन बसला होतात. तो मोडायची हिंमत मला झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं, असं अजूनही कधी कधी वाटतं.