गाठीला वारा

सोलापूर, ९ फेब्रुवारी

चि. दाक्षायणी हिला अज्जीचा आशीर्वाद.

गुडघे सोडले तर माझं सगळं जागेवर आहे. तू जेवतेस का, हे फोन उचलला असतास तर विचारलं असतं. आता माझ्या चौथी शिकलेल्या अक्षरात वाच.

पुण्याची प्रयोगशाळा सोडलीस म्हणे. सुंदरम्मा मावशीला म्हणालीस, "आईच वाचली नाही, ते शिकून काय चाटायचंय?" तोंड माझ्यावर गेलंय तुझं.

डाळिंबाला यंदा ताण दिला होता. पाणी तोडलं, पानं झडली, आता बाग फुलांनी लाल झालीय. मी तिकडं जात नाही.

दिवाळीत तू आईच्या गाठीचं हेच सांगितलेलं की. गाठ वाढली की तिच्या पोटात हवा पोचत नाही. पेशीत एक निरोप्या असतो. हवा असेपर्यंत पेशी त्याला जन्मला की मारते. हवा तुटली की तो जगतो, जीन जागे करतो, आणि गाठ स्वतःकडं नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. मी म्हटलं, "म्हंजे डाळिंबच की गं!" तुझी आई, शिवलीला, हसली. मग लई खोकली.

तू गेल्यावर मी दोन्ही खिडक्या उघड्या टाकल्या आणि हातात पंखा घेतला. हवा मिळाली तर निरोप्या मरेल, असा माझा हिशोब. ऐन थंडीत. ती म्हणायची, "अव्वा, गारठले, पुरे की." मी म्हणायची, "गप. तुला न्हाय, गाठीला घालतेय."

शेवटच्या दिवशी तिनं वाकळ मागितली. मी वारा घालत बसले.

हे कुणाला सांगितलं नाही. तू रडावंस म्हणूनही सांगत नाही. अर्धं ऐकून मी काय केलं, ते बघ. तू पुरं शिकतेयस, ते सोडू नकोस.

आपल्यात जाळत नाहीत. तिला खड्ड्यात बसवलं, विभूती लावली, तळहातावर लिंग ठेवलं. मूठभर माती तूही टाकलीस. गाठ तिच्याबरोबरच बसलीय. तिथं वाराही नाही आणि रक्तही नाही. गाठीला म्हणावं, बोलाव आता कुणाला बोलावतेस ते.

तुझ्या काचेच्या बशीत कुणाच्या तरी आईची गाठ असेल. सोमवारी तिच्यापुढं जाऊन बस.

वाकळ धुतली नाही. पार्सलनं पाठवतेय, पुण्यात थंडी असते.

शिवलीलाची आई,
नागव्वा