माझी गोळी एकही नाही

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार. (पत्रातच वाकते आहे, तेव्हा मला उठवायला तुम्ही गुडघे दुखवून घेऊ नका.) तुमची झोप, तुमचे गुडघे आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी चाललेलं तुमचं भांडण ही तिन्ही आपापल्या जागी आहेत असं धरून चालते.

तर त्या सकाळी मी दूध मंद आचेवर ठेवलं होतं, केर काढून झाला होता, ह्यांचा उंच पेला विसळून पालथा घातला होता (पेल्याचं पुढे सांगते) आणि खिडकीच्या गजांवरची धूळ पुसत होते. पाचव्या गजाला बरगड्यांखाली अशी कळ आली की मी फडक्यासकट खाली बसले. दूध उतू गेलं. मी बसल्या जागेवरून ते जाताना पाहत राहिले. उतू जाणारं दूध मी आयुष्यात पहिल्यांदाच इतकं निवांत पाहिलं. मग लक्षात आलं की हेही असेच बसायचे, हात नेमका तिथेच दाबून, आणि विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, पित्त आहे." अकरा वर्षं पित्तच होतं, आणि बाराव्या वर्षी काय झालं ते तुम्ही माझ्या शेजारी उभं राहून पाहिलंत. म्हणून मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही ओव्याची पुडी पाठवली असती.

डॉक्टरीणबाई वयाने तुमच्या धाकटीएवढ्या. पोट दाबून पाहिलं, उपाशीपोटी जास्त दुखतं की जेवल्यावर ते विचारलं, आणि म्हणाल्या की पोटात एखादा जंतू घर करून राहिला असेल. इथेच मला पहिला संशय आला. रद्दीवाल्याकडून घेतलेलं माझं वैद्यकाचं जाड पुस्तक तुम्हाला माहीत आहे. (त्याची पहिली चाळीस पानं नाहीत. त्यामुळे शरीर चालतं कसं ते मला ठाऊक नाही, पण बिघडतं कसं ते सगळं पाठ आहे.) त्यात स्वच्छ लिहिलंय की पोटातल्या आम्लात कुठलाही जीव टिकत नाही. मी तसं सांगितलं.

"पुस्तक कधीचं आहे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या लग्नाच्या आधीचं."

"मग हा जंतू सापडण्याच्याही आधीचं. तो आम्लात मजेत राहतो, आजी."

मला आजी म्हटलेलं मी सोडून दिलं. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला पोटाचा त्रास होता का? मी म्हटलं, ह्यांना होता. व्रण फुटला, रक्ताची उलटी झाली, दोन दिवसांत गेले. "त्यांची या जंतूसाठी तपासणी झाली होती?" मी म्हटलं, नाही, आम्ही पित्त समजत होतो. त्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. वन्सं, मला त्या पेनचाच जास्त राग आला. बोलायचं ते बोलून टाकावं, पेन काय खाली ठेवता!

हा जंतू म्हणे घरातल्या घरात फिरतो, बहुतेक लहानपणीच, एकमेकांच्या उष्ट्यातून. घरी आल्यावर मी कॅलेंडरच्या मागे संशयितांची यादी केली. पहिलं नाव तुमचं. राग मानू नका, पुरावा तुम्हीच दिलाय. लहानपणी तुम्ही आधी घोट घेतल्याशिवाय हे दुधाला तोंड लावत नसत, ही गोष्ट तुम्ही प्रत्येक लग्नात सांगता. दुसरं नाव ह्यांचं, कारण माझ्या कपातला शेवटचा घोट ते न विचारता प्यायचे आणि त्यांच्या कपातला मी. तिसऱ्या जागी दूधवाल्याला घातलं होतं, पण तो माझ्या कपातून कधी प्यायलेला नाही, तेव्हा त्याला खोडलं.

तपासणी श्वासाची असते. उपाशीपोटी जायचं, एका पिशवीत फुंकायचं, मग आंबटसर पाणी प्यायचं, अर्धा तास गप्प बसायचं आणि दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. पोटात जंतू असला तर तो त्या पाण्यातलं औषध फोडतो आणि त्याचा वायू श्वासातून बाहेर येतो, म्हणजे चोर आपणच फुंकून पकडून द्यायचा. पिशव्या सांभाळणाऱ्या माणसाला मी मनात फुगेवाला नाव ठेवलं. त्याने आधी विचारलं, "मावशी, पित्ताची गोळी चालू नाही ना? दोन आठवडे बंद हवी." मी म्हटलं, "माझी एकही नाही." (हे वाक्य लक्षात ठेवा.) शेजारच्या खुर्चीत एक मिशाळ गृहस्थ गाल फुगवून फुंकत होते. त्यांच्या आणि माझ्या पिशव्या एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. हे मी नीट पाहून ठेवलं.

तीन दिवसांनी कागद आला : जंतू आढळला नाही. दुसऱ्या कोणी शेजारणीला मिठाई वाटली असती. माझ्या डोळ्यांसमोर तो ट्रे आला. डॉक्टरीणबाईंनाही कागद पटला नाही. त्या म्हणाल्या, तुमचं दुखणं बघता मला हे खरं वाटत नाही, कुठली गोळी घेत नव्हता ना? मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. बरणीचं झाकण कोणी उघडं ठेवलं असं विचारल्यावर आणि सगळ्यांनी माना हलवल्यावर तुम्ही जशा बघता, तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आता म्हणतात, घशातून नळी घालून पोट आतून बघू, आणि त्या दिवशी बरोबर घरचं माणूस हवं.

मी तिथून थेट फुगेवाल्याकडे गेले आणि मिशाळ माणसाची पिशवी माझ्या नावावर आणि माझा जंतू त्याच्या नावावर गेला असल्याचं सांगितलं. बिचाऱ्याने वही उघडली. क्रमांक, वेळ, सही, सगळं जुळत होतं. मी ओळीवर बोट ठेवून तीनदा तपासलं. तो म्हणाला, "मावशी, पिशव्यांची अदलाबदल झालेली नाही. पण कोणी गोळी घेऊन आलं तर जंतू दबून बसतो आणि आम्ही फसतो. तसं नसेल तर प्रश्नच नाही." एवढं बोलून तो वही मिटून दुसऱ्या कामाला लागला. माणूस सज्जन आहे, पण मला ते वही मिटणं आवडलं नाही.

असो. तब्येत बरी आहे, काळजी नसावी.

तुमची भावजय

ता. क. मी गोळी घेते, वन्सं. ह्यांची, पित्ताची. हे गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात पाय सवयीने औषधाच्या दुकानाकडे वळले. दुकानदाराने न विचारता गोळ्यांची पट्टी पुढे केली आणि म्हणाला, "काय म्हणतात साहेब?" माझ्या तोंडून गेलं, "आहेत तसेच." पुढच्या महिन्यात खरं सांगणं आणखी अवघड झालं. एकोणीस महिने झाले, सबंध गावात तेवढा एकच माणूस मला ह्यांची खुशाली विचारतो. पट्ट्या साठायला लागल्या आणि औषध वाया घालवणं मला जमत नाही. म्हणून रोज केर काढून झाला की ह्यांच्या उंच पेल्यातून एक घेते. ते औषध आहे असं मी मनात कधी धरलंच नाही, माझ्या लेखी ते सकाळचं एक काम होतं. तेव्हा फुगेवाल्याला मी खोटं सांगितलं नाही. खरंही नाही सांगितलं.

ता. क. २. खरं काम पुढेच आहे. मागच्या पत्रात तुम्ही "पोट अगदी ठीक" असं दोनदा लिहिलंत. एकदाच लिहिलं असतंत तर माझा विश्वास बसला असता. तुमच्या पर्समध्ये चघळायच्या गोळ्यांचा डबा असतो, तो मी पाहिलाय. गोळ्या बंद करा आणि दोन आठवड्यांनी इकडे या. दोघी मिळून फुंकू. जंतू निघाला तर औषधाने तो मरतो म्हणतात. माझ्यातला बहुधा ह्यांच्याकडूनच आलेला असणार. ह्यांचं अजून जिवंत असलेलं माझ्याकडे तेवढंच आहे, हा वेडा विचार माझ्या मनात दोन दिवस होता. हसलात तरी चालेल, पण या.

ता. क. ३. पत्र काल टाकायचं राहून गेलं. आज सकाळी केर काढला, दूध तापवलं आणि गोळी घेतली नाही. दहा वाजता औषधाच्या दुकानात गेले. त्याने पट्टी काढली आणि विचारलं, "काय म्हणतात साहेब?" मी सांगितलं, ते गेले, एकोणीस महिने झाले. त्याने फळी उचलून मला आत स्टुलावर बसवलं. थोड्या वेळाने मी उठले, पट्टी त्याच्याकडेच ठेवून घरी आले आणि कॅलेंडरवर दोन आठवडे मोजून खूण केली.