सावकाशीचं लिनक्स

शुक्र. ८ ऑगस्ट
पहिली आली ती शेजारची शर्माभाभीच, न बोलावता. "अम्माजी, बच्चे आ गए?" अजून रिक्षा कोपऱ्यावर होती! मग ओम, इंदूरहून. मागून मीरा, पुण्याहून, राखी बांधायला. माझ्या दोन लेकांची ही दोन. रविवारी निघणार म्हणतात. आल्या आल्या जाण्याचं कशाला सांगावं...

शनि. ९
राखी झाली. ओमने नारळीभात तीनदा घेतला, बापासारखाच.
ह्यांचा कंप्यूटर काढला दोघांनी. हे गेल्यापासून झाकलेला. त्यावर लिनक्स घालायचं, म्हणजे मशीन चालवणारा नवा प्रोग्रॅम, मग व्हिडिओ कॉलवर पोरं मला मोठ्ठी दिसतील. फोनवर नाकच दिसतं. तर भांडण! ओमचं लिनक्स कुणीतरी तयार करून ठेवलेलं, उतरवायचं नि लावायचं, अर्ध्या तासात. मीराचं तसं नाही. मूळ लिहिलेलं आणायचं, नको ते गाळायचं, ह्याच मशीनला सोसेल असं इथेच तयार करायचं. दोन-तीन दिवस. म्हणजे विकतची भाजणी नि घरची.
"ताई, आजीला बघायचंय, तपश्चर्या नाही करायची!"
विचारलं, मीरे, तुझं जास्त पळेल का?
"फारसं नाही ग आजी."
म्हटलं, मीराचंच घाला. दोन-तीन दिवस म्हणाली ना!

रवि. १०
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर पळतात. समोर बसून भेंडी चिरली. भाभी आली, "इसमें पिक्चर कब आएगी?" ओमने संध्याकाळची बस सोडली. ताईचं फसलं तर कोण बघणार, म्हणे. लबाड.

सोम. ११
लाईट गेली. मशीन बंद. मीराचं तोंड एवढंसं. मला मेलीला बरंच वाटलं. झालेलं वाया जात नाही म्हणे, अर्धवट होतं तेवढं परत. थालिपीठं लावली.

मंगळ. १२
रजा संपली. अक्षरं उमटतात, चित्र नाही. ते दाखवणारं तयार व्हायचंय अजून.
ओम चपला घालता घालता, "आजी, माझं टाकून जातो. उद्या पोचली की ताई दिसेल तुला."
मोह झाला. मीरा पिशवीचा बंद ओढत बसली.
म्हटलं, राहू दे. अर्धं टाकलंय ते येऊन पुरं करा.
मीरा गळ्यातच पडली.
ह्यांच्या टॉवेलने परत झाकलाय. आता फोनवर नाकं बघायची. भाजणी आदल्या दिवशी ताजी करीन. वसुबारसेला येतो म्हणालेत, दोघंही. शुक्रवार, १७ ऑक्टो.