पाच चाळीसचे दोन चहा

५ ऑक्टोबर, रविवार

सहा आठवडे झाले, माझा राष्ट्राध्यक्ष अजून अंथरुणातून उठलेला नाही!

ऑफिसात हे बोलता येत नाही, म्हणून इथे. कुठल्याशा बेटांच्या देशाचं सरकारी दप्तर आमच्या कंपनीकडे आलंय. त्यातला माझ्या वाट्याला चाळीस वर्षांपूर्वीचा एकच दिवस. त्या दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यात जेवढा कागद जन्मला तेवढा सगळा — फाटकावरचं रजिस्टर, टेलिफोन ऑपरेटरची वही, गाडीचं लॉगबुक. दोन खोकी. वाचायचं आणि मिनिटामिनिटाची एक यादी करायची. देशाचं नाव घरीसुद्धा घेणार नाही असं लिहून दिलंय. म्हणून इथेही घेत नाही.

उर्वी शाळेतून आली की विचारते, "आई, तुझा प्रेसिडेंट उठला का?" धनंजय म्हणायचा, "उठून करणार काय? तोवर पेन्शनीत गेला असेल." आता म्हणत नाही. आता घरात कुणी फार काही म्हणत नाही.

नवी वही आहे. जुनीची दसऱ्याला पूजा केली, लाल दोरा बांधला, कपाटावरच्या बॅगेत टाकली. आई तिच्या शाळेच्या टाचणवह्या अशाच बांधायची. बांधलेली वही पुन्हा सोडायची नाही, असा तिचा नियम. माझाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

जे जुन्या वहीत राहिलं ते थोडक्यात. २६ सप्टेंबर, शुक्रवार, म्हणजे इथे आखातात सुट्टीचा दिवस. धनंजय ज्या इमारतीची देखभाल बघतो — इथेच अल् खुवैरमध्ये, माझ्या ऑफिसपासून दोन सिग्नल — तिथली लिफ्ट दीड मजला खाली आली. आत गंगुबाई होत्या. सोलापूरकडच्या, साफसफाईचं काम करतात. मांडीचं हाड मोडलं. अजून हॉस्पिटलात आहेत.

लिफ्टचं बघतो उत्तम, कुडाळचा. रात्रपाळीत त्याला कळलं होतं की ब्रेक घसरतोय. पण लिफ्ट बंद ठेवायचा हुकूम फक्त मॅनेजरचा, म्हणजे धनंजयचा. उत्तम म्हणतो, "मी कळवूक फोन केलेलो." त्याच्या मोबाइलवर आहे — सकाळी सहा बारा, एकोणीस सेकंद. धनंजय चौकशीत म्हणाला, "मी बोललो नाही." मग कोण बोललं? "माहीत नाही."

उत्तम लिफ्ट तात्पुरती थांबवून साडेसहाला पाळी संपवून गेला. नऊला पहारेकऱ्याने लिफ्ट चालू केली. बंद ठेवा असं लिहून कुणी दिलं होतं?

आता सगळं उत्तमवर येणार. नोकरी जाणार, व्हिसा जाणार. खलास.

त्या सकाळचं मला फारसं आठवत नाही. फोन वाजला होता, हे नक्की.

८ ऑक्टोबर, बुधवार

सापडला! पकडला!

त्या देशाची अधिकृत हकिकत अशी: पहाटे प्रवाशांची एक लाँच खडकावर चढली. सुटकेची बोट सोडायला राष्ट्राध्यक्षांचा हुकूम लागायचा. बंदरातून पाच बावन्नला बंगल्यावर फोन आला. ऑपरेटर बाईने जोडला नाही. वहीत तिच्याच अक्षरात — 'विश्रांती. नंतर करावा.' हुकूम निघाला आठ वीसला. एकतीस माणसं बुडाली. बाईला काढून टाकलं. राष्ट्राध्यक्ष जन्मभर सांगत राहिले, मी आजारी होतो, झोपलो होतो, मला कुणी उठवलंच नाही.

आणि आज दुसऱ्या खोक्याच्या तळाशी, स्वयंपाकघराच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात, अंगठ्याएवढा कागद: '५:४०. चहा २. झोपण्याच्या खोलीबाहेरचा व्हरांडा.'

जागा होता! फोनच्या आधी बारा मिनिटं चहा पीत बसला होता! आणि गेली कोण? फोनवर बसणारी. कुणी बाई स्वतःच्या मनाने असा फोन तोडते का? वरून सांगितल्याशिवाय?

धावत नसीबाकडे गेले. ती आमच्या विभागाची प्रमुख, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, एरवी गोड बोलते. चिठ्ठी तिने दोनदा वाचली. म्हणाली, "चहा पाठवला, एवढंच कागद म्हणतो यशश्री. कोण प्यालं ते म्हणत नाही. यादीत तेवढंच लिही."

तेवढंच लिहिलं. हात शिवशिवत होते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज गाडी चालवताना लख्ख आठवलं. सिग्नल सुटला तरी तशीच थांबले, मागच्याने हॉर्न मारला.

त्या शुक्रवारी धनंजय जागा होता. बाल्कनीत. समोर स्टुलावर दोन कप, एक माझा. फोन त्याच्या हातात. वाजला, त्याने कानाला लावला, काहीतरी म्हणाला आणि ठेवून दिला. मी आत कोथिंबीर की काय आणायला गेले होते, म्हणून शब्द ऐकले नाहीत. पण कप दिसतात. पांढरे, निळ्या काठाचे.

म्हणजे तो खोटं बोलतोय. एकोणीस वर्षांचा संसार, आणि माणूस एकोणीस सेकंदांसाठी खोटं बोलतो!

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बोलले शेवटी. तो ओट्याशी उभा राहून मेथी निवडत होता.

"त्या दिवशी फोन तुझ्याच हातात होता ना?"

"नव्हता."

"मग एकोणीस सेकंद काय वारा बोलला?"

त्याने हातातली काडी खाली ठेवली. "यशू, तुला खरंच आठवत नाही?"

"मला सगळं आठवतं!"

"बरं," म्हणाला. आणि पुन्हा मेथी.

बरं! एवढा एकच शब्द. मॅनेजर लोक असंच बोलत असतील खालच्यांशी. पूर्वी भांडायचा तरी.

१२ ऑक्टोबर, रविवार

जेवणाच्या सुट्टीत उत्तमला भेटले. त्याला लिफ्टवरून काढून तळघरातल्या स्टोअरमध्ये बसवलंय, जुने दिवे मोजायला. मला बघून उठला, खुर्ची पुसली.

"वैनी, तुमी कित्याक इलास हय? साहेबांका समजला तर?"

म्हटलं, "समजू दे. मी लिहून देणार आहे. साहेब जागे होते, फोन त्यांनीच घेतला, असं."

तो माझ्याकडे असा बघायला लागला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "साहेब... जागे होते?"

"मी पाहिलं ना!"

"वैनी, तसा काय लिवन देव नकात." मग खाली बघून, "माझा काय ता मी बघतंय. चौकशीत माका इचारलानी, फोनवर कोण होता. मी सांगूक नाय. घरातल्या माणसांची नावा असल्या कागदार कित्याक?"

घाबरलाय बिचारा. साहेबाचं नाव घ्यायचं नाही, घरचं मीठ खाल्लंय वगैरे. गेल्या वर्षी आमचा गिझर नीट केला तेव्हा चहाशिवाय काही घेतलं नाही त्याने. निघताना कागदात बांधलेली आमसुलं हातात ठेवली. बायकोने पाठवलेली. ज्याची नोकरी चाललीय तो मला आमसुलं देतो!

उत्तमला दोन मुली. मोठी बारावीला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हे मी उत्तमसाठी करतेय की धनंजयविरुद्ध? स्वतःला नीट विचारलं. दोन्ही. त्याच्या त्या 'बरं'ला उत्तर द्यायचंय, हे नाकारत नाही. पण हेतू मळका असला म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. ऑपरेटर बाईसाठी त्या बंगल्यातलं एक माणूस उभं राहिलं असतं तर? एक स्वयंपाकी? चाळीस वर्षं ती चिठ्ठी गठ्ठ्यात पडून राहिली. मी चिठ्ठी होणार नाही.

पत्र लिहिलं. दीड पान. 'माझे पती जागे होते. आम्ही बाल्कनीत चहा घेत होतो. फोन त्यांच्या हातात होता.' खाली लिहिलं की मी इतिहासाची एम. ए. आहे, दप्तराचं काम करते आणि रोज रोजनिशी लिहिते. हे कशाला लिहिलं? वजन यावं म्हणून. जरा लाज वाटली. खोडलं नाही.

अकराला चौकशी समितीकडे स्वतः नेऊन दिलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

धनंजयला कामावरून बाजूला केलं, निकाल लागेपर्यंत. उत्तमचं तिकीट निघणार होतं ते थांबवलं.

पत्र धनंजयसमोर वाचलं म्हणे. विचारलं, हे खरं का? त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

घरी आला, बूट काढले, आणि भिंतीवरच्या घड्याळाचे सेल बदलले. महिनाभर सांगत होते मी. आज बदलले.

उर्वी मधल्या खोलीत आली. "बाबा घरी कसा? आई, डिड यू डू समथिंग?"

म्हटलं, "खरं सांगितलं."

"कोणाला?"

तिचं मराठी अडखळतं, पण प्रश्न बरोबर पडतात.

१५ ऑक्टोबर, बुधवार

त्या देशाकडून मेल. स्वयंपाकघराच्या चिठ्ठ्या 'अनावश्यक', त्या यादीतून वगळाव्यात. मला वाटलं नसीबा इन्शाल्ला म्हणून मान डोलावेल. तिने माझ्यासमोर उत्तर टाइप केलं: सगळे कागद जातील, नाहीतर एकही जाणार नाही.

मी म्हटलं, "म्हणजे तुलाही पटलं, तो जागा होता."

"मला माहीत नाही. आजारी माणसाच्या घरी रात्रभर डॉक्टर असतो, पहारा असतो. त्यांनी घेतला असेल. म्हणून तर चिठ्ठी राहिली पाहिजे. आपल्याला जे कळत नाही ते काढून टाकायचं नाही, आणि त्यात भरही घालायची नाही." मग म्हणाली, "तुझ्या मिस्टरांचं ऐकलं. वाईट वाटलं. तू कागद बघितला होतास ना?"

"कुठला कागद? मी स्वतः तिथे होते!"

तिने फक्त "हं" केलं. खजुराचा डबा पुढे सरकवला. घेतला नाही मी.

संध्याकाळभर तिचं 'हं' डोक्यात. ते कप. पांढरे, निळ्या काठाचे. आज भांडी लावताना बघितलं. आमच्याकडे निळ्या काठाचे कप नाहीतच. ऑफिसात आहेत, नसीबाच्या टेबलावर.

असेल. कप चुकले असतील. कपांनी काय होतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

समितीचा फोन. सभ्य बाई होती. "मॅडम, तुम्ही रोजनिशी लिहिता असं पत्रात आहे. त्या दिवसाचं पान रविवारी नऊला आणाल का? तुमच्या शब्दावर आमचा विश्वास आहेच, पण कागद असला की प्रश्न मिटतो."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

बॅग काढायला स्टूल ओढलं तर धनंजय उठून आला. "मी काढतो, तू पडशील." बॅग खाली ठेवली. त्याला सगळं कळलं होतं, मी काय शोधतेय ते. म्हणाला, "नको सोडूस दोरा. तुझ्या आईचा नियम आहे ना?"

"भीती वाटते?"

"हो," म्हणाला. पहिल्यांदाच सरळ उत्तर.

उद्या. आज हात होत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दोरा सोडला. नक्कल करते, जसंच्या तसं:

'२६ सप्टेंबर. पाचवी माळ. शेवंती मिळाली. सहाच्या सुमाराला धनंजयच्या फोनवर उत्तम. तो काल सोळा तास साइटवर होता, मेल्यासारखा झोपलाय, म्हणून मीच उचलला. "वैनी, साहेबांका उठवा, लिफ्ट —" म्हटलं, उत्तम, आज शुक्रवार आहे, झोपू दे त्यांना, नऊनंतर करा. ठेवला. यांना एक दिवस तरी सोडत नाहीत! चहा एकटीनेच घेतला.'

झेरॉक्स काढत नाही. रविवारी मूळ वहीच नेणार आहे.