इंगेबोर्गच्या पाठीवरचा कप

२ ऑक्टोबर
आजपासून रोज लिहायचं. पुढे लोक विचारतील, आस्गर, तुला कपची कल्पना सुचली तरी कशी? तेव्हा हाताशी असावं. पॉरपॉइजच्या (डॉल्फिनचा हा छोटा भाऊबंद) पाठीला माग काढणारं यंत्र चिकटवतात सगळेच, पण दिवस मावळायच्या आत ते गळून पडतं. माझा दाबून चिकटवायचा रबरी कप पडणार नाही. आमच्या सागरी संशोधन केंद्राची प्रमुख गुद्रुन म्हणाली, नोव्हेंबरच्या परिषदेपर्यंत टिकला तर पॉरपॉइज तुझे, नाहीतर पुन्हा शिंपले मोजायला बस. शिंपले! माझी उमेद शिंपल्यांनीच खाल्ली.
बायको म्हणाली, आधी बाथरूममधला तो रबरी कपचा टॉवेलचा हूक टिकवून दाखव, रोज पडतो. राग्नहिल्डला विज्ञानातलं काही कळत नाही. (ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवते.)

५ ऑक्टोबर, सकाळ
स्वेनिंग कोळ्याचा फोन. जाळ्यात समुद्रडुक्कर! (पॉरपॉइजला आमचे कोळी हेच म्हणतात. इतका देखणा जीव, आणि नाव बघा.) किनाऱ्याशी रोवलेल्या जाळ्यात एखादा शिरला की कोळ्यांनी आम्हाला कळवायचं, आम्ही यंत्र लावून सोडून द्यायचं, अशी इथली रीत.
वारा. होडी हलत होती. मादी निघाली. नाव इंगेबोर्ग ठेवलं. मांडीवर घेऊन कप दाबणार, तोच तिने शेपटीचा असा तडाखा दिला की मी सपशेल उताणा! उठून बघतो तर ती पसार, आणि यंत्रही होडीत नाही. म्हणजे चिकटलं! पडता पडता चिकटवलं. याला म्हणतात हात बसणं.
स्वेनिंग माझ्या रेनकोटच्या पाठीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. म्हटलं, बाबा रे, आज कोटाचं कौतुक नको.

८ ऑक्टोबर
सिग्नल चालू! नकाशावरचा ठिपका बंदरातून हलत नाही. सकाळी धक्क्यावरच्या बेकरीच्या कोपऱ्याशी होती. योगायोग म्हणजे मीही तेव्हा तिथे पाव घेत होतो.

१२ ऑक्टोबर
योगायोग नाही. आज धक्क्यावरच्या आमच्या थंड पाण्यात डुंबणाऱ्यांच्या क्लबमध्ये सॉनाच्या गरम खोलीत बसलो होतो. घरी येऊन नकाशा पाहिला. मी आत असेपर्यंत इंगेबोर्ग धक्क्याशी थांबली होती. डोळ्यांत पाणी आलं. राग्नहिल्डला सांगितलं. म्हणाली, स्वतःला फार समजू नकोस.
संकल्प: प्राण्यात जीव गुंतवायचा नाही. शास्त्रज्ञ आहे मी.

१३ ऑक्टोबर
धक्क्यावरून तिच्यासाठी हेरिंग मासे टाकले. सीगलनी खाल्ले. उद्या जास्त नेईन.

१९ ऑक्टोबर
नवा शोध. यंत्र सांगतं की इंगेबोर्गने आजवर एकदाही बुडी मारलेली नाही. सुखी पॉरपॉइज बुडी मारत नाही, हे याआधी कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? भाषणात घ्यायचं.
ऑफिसात माझ्या पाठीमागे कुजबुज. मत्सर.

२४ ऑक्टोबर
रात्रभर ठिपका आमच्या गल्लीत, समुद्रापासून बराच आत. नकाशा चुकीचा आहे. नकाशेवाल्यांना कडक मेल टाकला.
राग्नहिल्ड म्हणाली, कोट दे, धुते, पाठीवर ते कसलं लोढणं घेऊन फिरतोस? म्हटलं, चिखल असेल, परिषद होईपर्यंत कोटाला हात लावायचा नाही, त्याच्या वासावरून इंगेबोर्ग मला ओळखते. ती म्हणाली, मीपण ओळखते, दोन खोल्या पलीकडून.

४ नोव्हेंबर
परिषदेसाठी सिल्केबोर्गला निघालो. ट्रेन पुलावर होती आणि ठिपकाही पुलावर! अर्थात पुलाखाली. मला निरोप द्यायला आली. प्रवाह फारच जोरात असणार.

५ नोव्हेंबर
लिहावंसं वाटत नाही. तरी.
भाषण रंगलं होतं. कोट खुर्चीला टांगून मी ऐटीत ताजा नकाशा पडद्यावर लावला. ठिपका सिल्केबोर्गमध्ये. इथे समुद्र नाही. मी म्हटलं, मित्रहो, नदीतून आली! माझ्यासाठी आली!
गुद्रुन उठली. माझ्या खुर्चीची पाठ लोकांकडे फिरवली. कोटाच्या पाठीवर माझा कप, कपावर माझं यंत्र. आमचे लोक सभेत सहसा हसत नाहीत. आज हसले.
गुद्रुनने कप ओढला. निघेना. दोघांनी मिळून ओढला. कोट टर्रकन फाटला, कप हलला नाही. मी ओरडलो, बघा, टिकला की नाही? त्या गदारोळात कोणी ऐकलं नाही.

१० नोव्हेंबर
शिंपले.
स्वेनिंग भेटला. म्हणाला, तेव्हाच सांगत होतो रे, तूच म्हणालास कोटाचं कौतुक नको. आणि हो, तुझी ती इंगेबोर्ग शेपटी मारून बाणासारखी सुटली, एकदाही मागे बघितलं नाही तिने.
शिंपल्यांचं इतकं वाईट वाटत नाही. संध्याकाळी सॉनातून बाहेर आलो आणि धक्क्याशी नुसतं पाणी दिसलं, त्याचं वाटलं. तिच्या पाठीवर काही नाही, तेच बरं आहे म्हणा.

१२ नोव्हेंबर
राग्नहिल्डने कोटाचं कापड कापून कप सोडवला, आणि यंत्रासकट कुठे नेला ते सांगितलं नाही. सकाळी सवयीने नकाशा उघडला. इंगेबोर्ग आमच्या घरात आहे.
बाथरूममध्ये जाऊन पाहिलं. भिंतीवर माझा कप, त्याला लटकलेले दोन ओले टॉवेल आणि राग्नहिल्डचा जाड गाऊन. पडलेलं काही नाही.