दाजी बाकावर

शिक्रापूर
४ ऑगस्ट २००२

चि. पूनम हिस,
बिरदेवदादाचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. इथल्या चौकातल्या एसटीडी बूथवर फोन धरला की मागं आमच्याच टीमची चार पोरं रांगेत असतात, आणि माझं बोलणं संपलं की बूथवाला मला सल्ला देतो. घोडनदी फुटबॉल क्लबचा मॅनेजर व्हायला मी रेल्वेची बिनपगारी रजा टाकली तेव्हा आबा म्हणाले होते, याचं डोकं फिरलंय. आता दाढी करताना रोज मीच ते म्हणतो.

अठरा खेळाडू, सगळे पगारी, आणि रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी दुखतंय. मालक बापूसाहेब दिलदार माणूस, कवठे येमाईचं मोठं घर. पण आजवर त्यांनी पोसले ते पैलवान. सोमवारपासून त्यांनी माणशी दोन लिटर दूध आणि मूठभर बदाम सुरू केलेत. सहाला दूध, साडेसहाला पळणं, सातला निम्मी टीम मैदानाच्या कडेला ओकतेय. सांगायला गेलो तर म्हणाले, होईल सवय. गुरुवारी सगळ्यांना वढू बुद्रुकपर्यंत पळत जाऊन यायला लावलं. गेले पळत, समाधीचं दर्शन घेतलं, आणि येताना नऊ जण मुरमाच्या ट्रकमध्ये बसून आले. वर मलाच हात करून.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण पाच सामन्यांत आम्ही अकरा गोल खाल्लेत, आणि त्यातले सात एकाच जागेतून. ती जागा तुझ्या नवऱ्याची. दौंडच्या मैदानावर दहा वर्षं मी गोलमध्ये आणि शंभूदाजी माझ्यापुढं, बचावाच्या मधोमध, स्टॉपर. ते पुढं असले की माझे हात कोरडे राहायचे. म्हणूनच कुरकुंभची नोकरी सोडायला लावून मी त्यांना इथं कॅप्टन करून आणलं. आता चौतिसाव्या वर्षी समोरची पोरं त्यांच्या बाजूनं निघून जातात आणि हे वळेपर्यंत बॉल जाळीत. बाकावर इंद्रजीत नावाचा कोल्हापूरचा एकवीस वर्षांचा स्टॉपर नुसता बसून आहे. पहिल्या दोनांत आलो तरच वरच्या गटात जाऊ, नाहीतर टीम बंद, असं बापूसाहेबांनी स्वच्छ सांगितलंय.

तू दाजींना जरा गोडीत सुचव, यंदा थोडं मागं बसा म्हणून. घरच्या जावयाला हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

आबांच्या खोकल्याचं कळव. तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
बिरदेवदादा

दौंड
१२ ऑगस्ट २००२

ती. बिरदेवदादास,
पूनमचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

सोबत राखी आहे. आधीच आणून ठेवली होती म्हणून मिळतेय. तुझं पत्र वाचून आणायला गेले असते तर दोरासुद्धा घेतला नसता.

तुझं पत्र आलं त्याच टपालात यांचंही आलं. यांचं म्हणणं, तुझा भाऊ आता मालकांच्या गाडीतून फिरतो, माझ्याशी बोलताना बुटाकडं बघून बोलतो, आणि पोरांची पुढची फळी मागं यायलाच तयार नाही त्याचं बिल माझ्या नावावर फाडतो. तुमच्या दोघांच्या खोल्यांच्या मध्ये एक भिंत आहे ना रे? मग तक्रारी माझ्याकडं दौंडला कशाला येतात? मी तिसरीची बेचाळीस पोरं सांभाळते. त्यांची भांडणं निदान समोरासमोर होतात, आणि डबा खाईपर्यंत मिटतात.

तेव्हा मी काही सुचवणार नाही. लग्नाआधी सामना झाल्यावर यांना चहाला घरी तूच आणायचास, आता मैदानाबाहेर काढायचं असेल तर तेही तूच कर. एवढंच सांगते की मागच्या खेपेला हे आले तेव्हा घराच्या चार पायऱ्या एकेक पाय टेकत चढले. विचारलं तर म्हणाले, एसटीत पाय आखडला. तू मॅनेजर आहेस, तुझं लक्ष असेलच.

आबांचा खोकला बरा आहे. शेजारीपाजारी सांगत फिरतात, माझा जावई कॅप्टन आहे. तुझं नाव मात्र घेत नाहीत.

रागावले तरी तुझीच,
पूनम

शिक्रापूर
१ सप्टेंबर २००२

चि. पूनम हिस,
अनेक आशीर्वाद.

राखी पोचली, बांधली. तुझा टोमणाही पोचला.

मी केलं. अकराची यादी लिहिली, दाजींच्या नावापुढं ‘विश्रांती’ लिहिलं आणि कागद मेसच्या दारावर लावला. तोंडानं सांगायला गेलो होतो, पण ते कपडे वाळत घालत होते, मी ‘पाऊस लांबला’ एवढंच बोलून परत आलो. त्या सामन्यात इंद्रजीत खेळला आणि आम्ही दोन-शून्यनं जिंकलो. पुढचाही जिंकलो. तुला वाटेल आता दादा खुशीत असेल.

ऐक. दाजी माझ्याशी बोलत नाहीत. मेसमध्ये माझ्यापुढचं मीठ हवं असलं तर पोपटला सांगतात. पोपट म्हणजे आमचा डाव्या बाजूचा बॅक, तो आता घास कमी आणि निरोप जास्त पोचवतो. दौंडची पोरं एका टेबलावर, कोल्हापूरची दुसऱ्या. बापूसाहेब वेगळेच तापलेत. हायवेवर त्यांनी मोठा बोर्ड लावलाय, त्यावर दाजींचा फोटो. मला बोलावून म्हणाले, मुख्य पैलवान आखाड्याबाहेर बसवून कुणी फड जिंकलाय का? मी म्हणालो, आपण जिंकलोय की, दोनदा. तर म्हणाले, ते असू द्या, बोर्डाचं काय?

त्यात मंगळवारी आबा आले. एसटी बदलत बदलत, जावयासाठी चिवड्याचा डबा घेऊन. सगळ्या टीमसमोर मला विचारलं, जावयाला बाकावर बसवायची पद्धत कुठून काढलीस? पोरं खाली मान घालून हसत होती. चिवडा दाजींनी सगळ्यांना वाटला. मला पोपटकडून.

आणि काल हरलो, तीन-एकनं. इंद्रजीत पळतो, उडी मारतो, सगळं करतो, पण तोंड उघडत नाही. स्टॉपरनं ओरडून मागची फळी हलवायची असते. हा मुक्यासारखा एकटाच धावतो आणि बाकीचे तिघं तीन गावाला. दाजी बाकावर हाताची घडी घालून बसले होते. ते तिन्ही गोल होण्याआधी त्यांना दिसले होते, हे मी त्यांच्या मानेवरून ओळखलं. पण चकार शब्द काढला नाही. मी काय करू, सांग. आबा घरी नीट पोचले का तेवढं कळव.

तुझा, कोणालाच नको झालेला
दादा

दौंड
१६ सप्टेंबर २००२

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

आबा नीट पोचले. आज मस्करी नाही, सरळ लिहिते.

गणपतीला हे आले होते. पँट धुवायला घेतली तर खिशात औषधाची चिठ्ठी सापडली. दर सामन्याच्या आदल्या दिवशी हे गुडघ्यात इंजेक्शन घेत होते, जूनपासून. मी धरून इथल्या डॉक्टरांकडं नेलं. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, आतली गादी झिजलीय, अजून एक वर्ष असं खेळलात तर पन्नाशीच्या आत काठी लागेल. घरी आल्यावर यांनी मला प्रगतीची शपथ घातली, दादाला कळता कामा नये. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं, आणि आज मोडतेय. देव बघून घेईल.

मला तुमच्या दोघांचा सारखाच राग आलाय. यांचा, कारण पायापेक्षा कॅप्टनकी मोठी वाटली. तुझा, कारण तू कागदावर ‘विश्रांती’ लिहिलंस. तुला वाटलं आपण सोयीचं खोटं लिहितोय. ते खरं होतं, तुला माहीत नव्हतं एवढंच. जवळ जाऊन एकदा विचारलं असतंस तर कळलं असतं.

आता गुडघ्याच्या आडून बोलू नकोस. तुम्ही हळू झालात म्हणून काढलं, हे त्यांना त्यांच्यासमोर उभं राहून सांग. ते चिडतील. चिडू देत. गेले महिनाभर ते चिडायची वाटच बघतायत, कुणी समोर येत नाही.

प्रगती मामाची आठवण काढते. तुझं बरं व्हावं म्हणणारी,
पूनम

शिक्रापूर
१४ ऑक्टोबर २००२

चि. पूनम हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी गेलो. दाजी मिठाच्या पुरचुंडीनं गुडघा शेकत होते, मला बघून त्यावर टॉवेल टाकला. मी बसलो नाही. म्हणालो, दाजी, तुम्ही हळू झालाय म्हणून मी तुम्हाला काढलं. गुडघ्याचं मला आज कळलं. पण हे आधी तुम्हाला सांगायचं सोडून मी दारावर कागद लावला, ते माझं चुकलं.

दाजींनी पुरचुंडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, त्यो कागद वाचत हुतो तवा माझ्यामागं पोपट उभा हुता. माझं वाचून व्हायच्या आत बाजूला हून त्याला वाचायला जागा द्यावी लागली, दादा. एवढंच. मग म्हणाले, जावा आता. मी आलो.

दुसऱ्या दिवशी सरावाला ते शिट्टीच्या आधी हजर. सरळ इंद्रजीतच्या मागं जाऊन उभे राहिले आणि ओरडले, आरं मुका हायस का? पोपट कुठं चाललाय ते त्याला कोण सांगणार, त्याची आई? आठवडाभर तेच. शेवटी ते पोरगं इतकं बोलायला लागलं की मेसमध्ये त्याला गप्प करावं लागायचं. तीन सामने जिंकलो, एक गोल खाल्ला.

काल शेवटचा, पुण्यात. जिंकलो तर दुसरे, नाहीतर तिसरे. अर्ध्या तासात आम्ही गोल केला. दाजी रेषेवर उभं राहून एवढे ओरडत होते की लाइन्समननं दोनदा दम दिला. दहा मिनिटं उरली आणि इंद्रजीतच्या पोटरीत गोळा आला, उठवेना. माझी एकच बदली शिल्लक. वळलो तर दाजींनी वरची पँट काढलेली, बूट आवळलेले. म्हणाले, दहाच मिनिटं हायेत दादा, निघतील. बापूसाहेब खुर्ची सोडून खाली आले, म्हणाले, आता तरी सोडा आमचा वाघ. मी दाजींच्या गुडघ्याकडं बघितलं. वर पट्टी होती, खाली किती सुजलाय ते दिसत होतं. मी पोपटला मध्ये घेतलं आणि डावीकडं दुसरा उतरवला. दाजींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि बाकावर जाऊन बसले.

शेवटच्या मिनिटाला पोपट चुकला. एक-एक. तिसरे.

बापूसाहेबांनी गाडीजवळच सांगितलं, तुम्ही उद्यापासून येऊ नका. परत येताना बसमध्ये दाजी पुढच्या सीटवर होते. शिक्रापूर येईपर्यंत मागं वळले नाहीत. त्यांना उतरवलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे. आता तो विचार करायला मला रेल्वेची नोकरी आहेच. बुधवारी सामान घेऊन येतो. आबांना तूच आधी सांगून ठेव.

तुझा,
दादा

शिक्रापूर
८ जून २००३

ती. बिरदेवदादा यांस,
शंभूचा नमस्कार.

पूनमला म्हणलो, दादाला एवढं सांग. ती म्हणाली, तुमचं तुम्ही लिवा, मी आता कुणाचं टपाल वाहणार न्हाई. म्हणून हे माझं तुम्हाला पैलंच पत्र. चुकलंमाकलं समजून घ्या.

बापूसाहेबांनी टीम बंद केली न्हाई आन् मला मॅनेजर केलं, ते तुम्हाला म्हायती हाय. दिवाळीला तुमच्यासमोर जेवायला बसलो, त्याबद्दल एक शब्द तुम्ही काढला न्हाई, मीबी न्हाई. नवीन सीझनचा नोंदणीचा फॉर्म आला. अठरा ओळी. बापूसाहेब म्हणले, पैली ओळ तुमची, खेळाडू-मॅनेजर म्हणून नाव टाका, बोर्ड बदलायला नको. खालच्या सतरा भरल्या. पैली तीन दिवस कोरी ठेवली. पेन टेकवायचो आन् उचलायचो. चौथ्या दिवशी साताऱ्याच्या एका पोराचं नाव लिवलं. लिवताना तुमची लई चीड आली, का ते मला सांगता येणार न्हाई.

पर पत्र त्याच्यासाठी न्हाई. पुण्याच्या त्या सामन्यात बूट आवळायला वाकलो तवाच माझा गुडघा अडकला हुता. सरळ हुईना. उभा राहिलो ते नुसतं तुम्हाला दिसावं म्हणून. तुम्ही मला आत सोडलं असतं तर पैल्याच बॉलला पडलो असतो, आन् बदली संपलेली, धा माणसांत खेळावं लागलं असतं. तुमचं बरोबर हुतं. ते मला तवाच ठाऊक हुतं. बापूसाहेब गाडीजवळ तुम्हाला बोलत हुते तवा मी धा पावलांवर उभा हुतो. एक वाक्य बोललो असतो तर तुमचं काम ऱ्हायलं असतं. न्हाई बोललो. बसमधी सगळी वाट ते वाक्य तोंडात धरून बसलो, आन् त्यातनंच ही खुर्ची मिळाली.

काल बापूसाहेबांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चहा पिऊन संपिवला, मग म्हणले, तुम्हा मेव्हण्या-दाजीचं मला कायबी कळत न्हाई. मग म्हणले, ते आले तर बघू. म्या म्हणलं, ते येतील का न्हाई ते मला म्हायती न्हाई, माझी चूक तर तुमच्या कानावर घातली.

गोलकीपरला शिकवायला इथं कुणी न्हाई. रविवारी तुमची सुट्टी असती. आलात तर स्टँडवर मी उभा असंन. न्हाई आलात तरी तासभर उभा असंन.

थोरल्यांनी सांभाळून घ्यावं, एवढंच मागणं.

तुमचा,
शंभू