मनटोराच्या घरचं हळदीकुंकू

शंकर नगर, रायपूर

चि. इंदू,

तुला गोदाताईचे अनेक आशीर्वाद. माझा गुडघा बरा आहे. रायपूर राजधानी झाल्यापासून माझा नीलेश उशिरापर्यंत ऑफिसात असतो. मी मात्र एकटी बसून राहत नाही. दुपारी बेघरांच्या निवाऱ्यात जेवण वाढायला जाते.

संक्रांतीचं हळदीकुंकू तिथंच केलं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या दिल्या. मग वाटलं, ज्यांना चूल नाही त्या बायांनी वाट्या ठेवाव्या कुठं?

तेवढ्यात तिथली मनटोरा म्हणाली, “काली हमर घर आबे, दाई.” उद्या आमच्या घरी ये, आई, म्हणे. मला कोडंच पडलं, हिचं घर कोणतं? तिथलं काम पाहणारी स्नेहल हसली, “आंटी, वो खिड़की वाली खाट.”

दुसऱ्या दिवशी गेले. खाटेभोवती साडीचा पडदा, खाली झाडून लख्ख. मी पडद्याबाहेर चप्पल काढली, तेव्हा ती म्हणाली, “भीतर आ, दाई.” तिनं मला कुंकू लावलं आणि मी दिलेल्या वाटीतच मुरमुऱ्याचा लाडू पुढं केला.

मी मात्र रिकाम्या हातानं गेले होते.

शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. काय नेऊ गं? तुझ्या नव्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा मी काय आणलं होतं?

तुझी,
गोदाताई